रिकाम्या गाडीचं ओझं

१

सुजयला रस्ते लक्षात राहत नाहीत, हे प्रणिताला लग्नाआधीच कळायला हवं होतं. ती दिल्लीत मुनिरक्यात खोली घेऊन एम. ए. करत होती, तेव्हा तो तिला बघायला आला तो चांगला दीड तास उशिरा; आणि दोष मुलाचा नाही, मुनिरक्याच्या गल्ल्यांचा आहे, असं त्याच्या आईने उंबऱ्यातच जाहीर करून टाकलं होतं.

तेव्हा ते गमतीचं वाटलं. पण लग्नानंतर सुजयने नोएडातली नोकरी सोडली, एक पिकअप घेतली आणि दिल्लीभरच्या मराठी घरांना पोहे, कोकम, भाजणी, गूळ पोचवायचा धंदा सुरू केला. मग मात्र गंमत सरली. सरकारी क्वार्टर्समध्ये राहणारी मंडळी निवृत्त होऊन नव्या वस्त्यांत पांगली होती. इंदिरापुरमचे खंड, नोएडाचे सेक्टर, गुडगावचे फेज. आज जिथे शेत, तिथे सहा महिन्यांनी टॉवर. पत्ता विचारावा तर सांगणाराही कालच राहायला आलेला.

सुजय रोज उशिरा यायचा, आणि प्रणिता रोज थोडी थोडी मरायची. मुळात ती कुकरच्या शिट्टीलाही दचकणारी. वसुंधरा वस्तीतल्या चौथ्या मजल्याच्या गॅलरीत उभं राहून ती वळणाकडे बघत बसे. डोळ्यांसमोर उलटलेली पिकअप, रस्त्यावर सांडलेले पोहे आणि पोह्यांवर बसलेले कावळे.

"अगं, येईल तो," सासूबाई आतून म्हणत. त्यांचं नाव चंद्रप्रभा, आणि जगात काही वाईट होऊ शकतं यावर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता. "चुकला म्हणजे हरवला असं नसतं."

शेवटी प्रणिताने हट्टच धरला. गाडीत ते रस्ता सांगणारं यंत्र बसवायचं, नाहीतर ती माहेरी जाणार.

२

करोल बागच्या दुकानात दुकानदाराने काचेवर तीन नेव्हिगेटर मांडले. एक चिनी, दिसायला देखणा, पण त्याच्या नकाशात यमुनेपलीकडे नुसतं पिवळं पठार होतं. दुसऱ्याचा पडदा केवढा मोठा, पण आवाज इंग्रजी बाईचा.

"ही मेमसाब 'वैशाली सेक्टर' कशी म्हणते ऐकलंस ना?" सुजय म्हणाला. "मी हसत बसेन आणि धडकेन."

"धडकेन वगैरे बोलू नकोस."

तिसरा साधा, तळहाताएवढा. नवे सेक्टर दाखवायचा, हिंदीत बोलायचा, आणि त्यातल्या बाईच्या आवाजात बँकेतल्या काउंटरवरचा थंडपणा होता. प्रणिताला तोच आवडला. घाबरलेल्या माणसाला असाच आवाज लागतो.

बसवणाऱ्याने डॅशबोर्डमागून वायर ओढली, फ्यूज घातला, पत्र्याखाली उपग्रह सापडत नाहीत म्हणून अँटेना बाहेर टपावर काढली, आणि यंत्र रबरी चकतीने समोरच्या काचेला चिकटवलं. पडद्यावर एका कोपऱ्यात छोट्या घराचं चित्र होतं. ते दाबलं की जिथे असाल तिथून घरचा रस्ता. प्रणिताने सोसायटीच्या फाटकापाशी गाडी उभी करायला लावून स्वतःच्या बोटाने ते घर नक्की केलं.

सासूबाई हळदकुंकू घेऊन खाली आल्या.

"आई, काचेवर नको, दिसणार नाही."

"मग कुठे लावू? याला कपाळ तेवढंच आहे."

आणि काय सांगावं, सुजय वेळेवर यायला लागला! चहाच्या वेळेला म्हणजे चहाच्या वेळेला. प्रणिताच्या अंगावर मूठभर मांस चढलं. गॅलरीत ती आता नुसते कपडे वाळत घालायला जाई.

३

संक्रांतीला दिल्लीतली बरीच मराठी माणसं पानिपतला जातात, काला अंबला. तिथल्या लढाईत पडलेल्यांना नमस्कार करायला. त्या वर्षी मराठी मंडळाच्या जेवणाचं काम सुजयकडे होतं. पिकअपच्या हौद्यात भाकऱ्या, झुणका, तिळगूळ. पुढे बाकावर तिघं दाटीवाटीने.

धुकं असं, की रस्ता नव्हताच. पडद्यावर होता तेवढाच. "आगे सीधे चलें," बाई म्हणत होती आणि ते चालले होते.

तिथे कुंपणाआतली बाग, मधे स्मारकाचा विटांचा खांब, भोवती गव्हाची शेतं. भाषणं झाली, जेवणं झाली. गर्दी पांगली तरी सासूबाई खांबापाशीच उभ्या. प्रणिता त्यांना बोलवायला गेली, तेव्हा त्या कठड्याला हात लावून, शाळा सुटल्यावर घुटमळणाऱ्या पोरांशी बोलावं तशा बोलत होत्या.

"किती थंडी रे इथे. चला बाळांनो, चला आता घरी."

डोळे पुसून त्या वळल्या. त्यात प्रणिताला काही वावगं वाटलं नाही. आपल्यात कोणालाही निघताना 'चला घरी' म्हणतातच. धुक्यात खांब दिसेनासा झाला, आणि तिघं रिकाम्या गाडीत बसली.

४

प्रणिताने घराचं चित्र दाबलं.

पडद्यावर रेघ उमटली. पण ती वसुंधराकडे न जाता दिल्लीच्या पोटातून खाली घसरली. आग्रा, ग्वाल्हेर, आणखी खाली. पडदा पुरेना म्हणून नकाशा लहान होत गेला. अंतर चौदाशे किलोमीटरच्या वर.

"हँग झालंय," सुजय म्हणाला.

तिने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. बाई थंडपणे म्हणाली, "घर का रास्ता मिल गया है."

"बंद कर यार. हा एवढा रस्ता येतो मला."

तो आला, बरोबर आला. पण सोनिपतच्या आसपास त्याने दोनदा खालचा गिअर टाकला. "चढ आहे का गं इथे?" त्याने विचारलं. पानिपत ते दिल्ली सपाट परातीसारखा रस्ता.

फाटकाशी उतरल्यावर तिने सहज मागे पाहिलं. हौद्यात चार रिकामी पातेली आणि घडी घातलेली ताडपत्री, एवढंच. पण गाडी बसली होती. गुळाच्या ढेपा गच्च भरल्यावर मागचं चाक जसं मडगार्डमध्ये शिरतं, तसं शिरलं होतं.

५

प्रणिता शिकलेली मुलगी. तिने मनाशी कारणं मांडली. यंत्राला थंडी बाधली असेल. गाडीच्या स्प्रिंगचे पाटे जुने झाले असतील. चाकांत हवा कमी असेल.

यंत्र दुकानात नेलं. दुकानदाराच्या हातात ते शहाण्यासारखं वसुंधरा दाखवू लागलं. गाडीत लावलं की पुन्हा खाली, दक्षिणेला. दुसरं नवंकोरं लावून पाहिलं. तेही खाली.

"मैडम, गाडी में कुछ है," दुकानदार हसत म्हणाला. त्याला लोखंड म्हणायचं होतं.

हवा भरली, तरी गाडी उठली नाही. गॅरेजवाला वाकून पाटे बघत होता. हौद्यावर ताडपत्री ताणलेली होती, तिच्याकडे त्याने मान वर करूनही पाहिलं नाही. "पाटे ठीक हैं," तो म्हणाला. "पहले माल तो उतारिए. भरी गाडी में मैं क्या देखूँ?"

"माल कुठेय? रिकामी आहे," प्रणिता मराठीतच म्हणून गेली. सुजयने तिच्याकडे पाहिलं आणि गाडी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाली माल चढवू लागायला गेली. सोसायटीत शाळेच्या बसची गडबड. तिने ताडपत्रीची कड उचलून पोह्यांचं पोतं फाळक्यावरून आत लोटलं, आणि ऐकलं.

काही पडल्याचा आवाज नव्हता. उंदराचाही नव्हता. दाटीने बसलेली माणसं, कोणी आलं की ढुंगण जरा सरकवून जागा करतात ना, तसा. कापडाचा कापडाला घासलेला, समंजस आवाज. हौद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि थांबला.

पोतं ज्या जागी गेलं, ती जागा बरोबर पोत्याएवढी होती, असं तिला वाटलं. लिफ्टसाठी न थांबता ती जिन्याने वर गेली.

६

सुजयला नोएडाला जायचं होतं. चहाची वेळ टळली. तिने मोबाइल लावला.

"कुठे आहेस?"

"निघालोय की. घरीच निघालोय." आवाज अगदी शांत. सुजय फोनवर कधीच शांत नसायचा.

"सुजय, बाहेर काय दिसतंय?"

"शेतं. मोहरी फुललीय बघ. छान रस्ता आहे, सरळ."

"पाटी वाच. रस्त्यावरची पाटी वाच!"

नुसता इंजिनाचा आवाज. मग तो, झोपेतून उठल्यासारखा: "पलवल गेलं मागे... हा तर आग्र्याचा रस्ता. प्रणू, मी इथे काय करतोय?"

तो आला तो ओशाळलेला, हसत. तिने यंत्र काचेवरून उपटून कपाटात ठेवलं. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी तो मयूर विहारला भाजणी द्यायला गेला आणि फोन आला पलवलच्याही पुढच्या कोसीवरून. यंत्र कपाटातच होतं.

"चुकलो नव्हतो गं," तो म्हणाला, आणि या वेळी हसला नाही. "तेच तर. आयुष्यात पहिल्यांदा मला रस्ता येत होता. तू फोन केला नसतास तर..." वाक्य त्याने सोडून दिलं.

प्रणिताने ते मनात पूर्ण केलं. एक दिवस ती फोन करेल, आणि तो उचलणार नाही. तो कुठेतरी सरळ, छान रस्त्याने, घरीच निघालेला असेल.

"विकून टाकू गाडी," ती म्हणाली.

"आणि घेणारा? त्याच्या घरी कोण वाट बघणार?"



७

सासूबाई कणीक तिंबत होत्या. प्रणिता ओट्याला टेकून उभी राहिली.

"आई, आपण कोणाला 'चला घरी' म्हणालो, उगाच म्हणायचं म्हणून, आणि ते खरंच निघाले तर?"

"तर काय! या म्हणायचं, जेवायला वाढायचं."

"आणि त्यांचं घर दुसरीकडेच असलं तर? लांब?"

"मग पोचवून यायचं." सासूबाईंनी परातीला लागलेली कणीक बोटाने निपटली. "चला म्हणून बोलवायचं आणि माणसांना दारात तिष्ठत ठेवायचं, असली रीत आहे का कुठे? कोण आलंय?"

"कोणी नाही."

"कोणी नाही म्हणत्येस आणि चेहरा हा असा." त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. पिठाच्या डब्यात पुन्हा हात घातला, आणि तीन माणसांच्या घरात त्या सकाळी दशम्यांची चळत लागली. दोन मोठी फडकी भरली. ती प्रणिताच्या हातात देताना म्हणाल्या, "प्रवासात लागतं. संध्याकाळी परत या म्हणजे झालं. दोघंही."

८

यंत्र पुन्हा काचेला लागलं. प्रणिताने स्वतः घर दाबलं. "चल," ती सुजयला म्हणाली. "आज ती बाई सांगेल तिकडे. मी बरोबर आहे."

"चौदाशे किलोमीटर?"

"जाऊ तिथपर्यंत जाऊ."

बदरपूर, फरिदाबाद, पलवल. गाडी जडपणे पण आढेवेढे न घेता चालली होती. ऊन पडलं होतं, दोन्ही बाजूंना पिवळीधमक मोहरी. सुजयचा चेहरा हळूहळू सैल होत गेला. त्याच्या डोळ्यांत ती शांतता उतरू लागली तशी प्रणिता त्याच्या दंडाला चिमटे काढत राहिली.

"दुखतंय गं!"

"दुखू दे. बोलत राहा. सातचा पाढा म्हण."

"मला कुठे येतो..."

पाठीमागे छोटी काच होती, हौद्यात उघडणारी. तिकडे बघायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. पण होडलच्या पुढे रस्त्यावर मोठा खड्डा आला, गाडी उसळली आणि तिची मान आपोआप वळली.

ताडपत्रीची फट उघडली होती आणि उन्हाची एक पट्टी आत पडली होती. त्या पट्टीत एक गुडघा होता. जवळ ओढून घेतलेला, त्यावर एक हात. हाताची बोटं फाटलेली, थंडीत फाटतात तशी. उजेड लागला तसा तो हात हलकेच उलटा झाला आणि तळवा उन्हात धरला गेला.

मग फट मिटली.

प्रणिता ओरडली नाही. कुकरला दचकणारी प्रणिता ओरडली नाही, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. तिच्या मनात एवढंच आलं: किती गारठलेत हे.

"सुजय, त्या ढाब्यावर थांबव."

ढाब्यापाशी ट्रक उभे होते. पंजाबचे, राजस्थानचे. आणि एका कडेला, फाळका उघडा टाकून, एम. एच. अकरा नंबरचा एक ट्रक. चालक बाजेवर बसून कांदा फोडत होता. चाळिशीचा माणूस, मफलर कानावर.

"साताऱ्याकडचे का तुम्ही?" प्रणिताने विचारलं.

त्याचा कांदा हातातच राहिला. "आयला, मराठी! फलटणचा, ताई. अंबादास. आझादपूरच्या बाजारात कांदा टाकला, आता परत."

"रिकामेच?"

"रिकामाच की. भाडंच नाही मिळालं. रिकामी गाडी लई आपटती, कंबर मोडती."

शिकलेली मुलगी, आणि काय बोलणार होती ती! पण न सांगता ओझं देणं म्हणजे न सांगता गाडी विकण्यासारखंच झालं असतं.

"दादा, आमच्याकडे काही माणसं आहेत. गावाकडं जायचंय त्यांना. बरेच दिवस अडकलीत." तिने श्वास घेतला. "ती... दिसायची नाहीत तुम्हाला कदाचित. त्रास देत नाहीत. पण गाडी जड होईल. नाही म्हणालात तरी चालेल."

अंबादास तिच्याकडे बघत राहिला. मग सुजयकडे. मग त्या बसलेल्या पिकअपकडे, तिच्या मडगार्डमध्ये शिरलेल्या चाकाकडे. ट्रकवाल्याच्या डोळ्याला ओझं कळतं.

"कुठनं आणलीत?"

"पानिपतहून."

त्याने मफलर डोक्यावरून काढला. का काढला हे बहुधा त्यालाही कळलं नसावं. "गावाकडं जाणाऱ्याला नाही म्हणत नसतात, ताई," तो म्हणाला. "लावा मागं."

सुजयने पिकअप उलटी घेतली, फाळक्याला फाळका लावला. प्रणिताने ताडपत्रीची दोरी सोडली आणि तिघंही, ठरवल्यासारखी, पाठ करून उभी राहिली. ढाब्यावर रेडिओ वाजत होता. तंदूरवाला कोणाला तरी शिव्या देत होता. त्या सगळ्या आवाजाखाली लोखंडी पत्र्यावर अनवाणी पावलं ऐकू येत होती. घाई नाही, ढकलाढकली नाही. एक पाऊल जरा फरफटत होतं आणि त्याच्यासाठी बाकीची थांबत होती.

पिकअपचे पाटे करकरले. पुन्हा करकरले. गाडी बोट बोट वर येत होती, आणि ट्रक तितकाच खाली जात होता.

आवाज थांबले तेव्हा प्रणिताने दशम्यांची फडकी ट्रकच्या हौद्यात ठेवली. न बघता.

"किती जण असतील?" अंबादासने हळूच विचारलं.

"मोजले नाहीत."

"नकाच मोजू. माणसं मोजू नयेत." त्याने सुजयकडून मोबाइल नंबर लिहून घेतला, फाळका लावला, स्टिअरिंगला नमस्कार केला आणि ट्रक दक्षिणेला लागला. जड, सावकाश.

पिकअपमध्ये बसल्यावर प्रणिताने घर दाबलं. रेघ वळली आणि वर गेली: पलवल, फरिदाबाद, वसुंधरा.

"घर का रास्ता मिल गया है," बाई म्हणाली.

सुजय पहिल्याच चौकात चुकला. "अरे, हे कुठे आलो आपण?" तो म्हणाला आणि प्रणिता इतकी हसली, इतकी हसली की तिला रडूच आलं.

९

तीन दिवस ती फोनची वाट बघत होती. सुजय वेळेवर येत होता, जेवताना बडबडत होता, गाडी रस्त्यावर चेंडूसारखी उडते म्हणून तक्रार करत होता. तिला झोप लागत होती. तरी मनात एक पाल चुकचुकायची: आपण आपलं ओझं त्या बिचाऱ्याच्या गळ्यात बांधलं. त्याच्याही घरी कोणी गॅलरीत उभं असेल.

चौथ्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"ताई, अंबादास बोलतोय. पोचलो फलटणला."

"बरे आहात?" ती जवळजवळ ओरडली.

"एकदम. अहो, धुळ्यापर्यंत गाडी हूं का चूं नाही. धुळं सोडलं आणि पहिल्या फाट्याला आपोआप हळू झाली. ब्रेकवर माझा पाय नव्हता. जरा थांबली, मागं पत्रा वाजला, गाडी जराशी हलकी झाली, आणि निघाली. मग तेच. मालेगाव, येवला, कोपरगाव, राहुरी. जिथं म्हणून आत गावाला रस्ता फुटतो, तिथं. मी बी थांबत गेलो. घाई कुणाला होती?"

प्रणिता खाली बसली. फरशीवरच.

"मला वाटलं, नगरच्या पुढं माणसं संपली," अंबादास म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. "घरापुढं गाडी लावली. आई तांब्या घेऊन दारात आली. लांबनं आलेल्याच्या पायावर पाणी घालतात ना, तसं माझ्या पायावर घातलं. मग बाजूला सरकून पुन्हा घातलं. आणि आणखी एकदा. मी म्हटलं, आई, मी एकटाच आलोय. ती म्हणाली, गप ए. केवढे दमून आलेत."

फोनमध्ये कोंबड्यांचा आवाज येत होता, आणि कोणीतरी भांडी मांडत होतं.

"ताई? आहात ना?"

"आहे," प्रणिता म्हणाली. मग तिने डोळे पुसले आणि विचारलं, "जेवलात का सगळे?"